लॅपटॉप आवरायला बसताय? मग डिलीटला अगदी शेवटी हात लावा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की आपला हात आधी डिलीटकडे जातो. डाउनलोड्स फोल्डर उघडायचा, सगळं सिलेक्ट, शिफ्ट डिलीट, झालं मोकळं. आणि मग जूनमध्ये मुलीच्या ॲडमिशनला नॉन क्रिमीलेअरचा स्कॅन लागतो तेव्हा कळतं की तो डाउनलोड्समध्येच पडलेला होता, दुसरीकडे कुठेच नव्हता.

अगदी हेच फोनच्या बाबतीत. जागा संपली, गॅलरीतले फोटो उडवले, "अरे गुगलवर आहेत ना सगळे", आणि ते गुगलवरूनही गेले, कारण गॅलरी म्हणून जे ॲप उघडलं होतं ते गुगल फोटोजच होतं.

आवराआवर चुकते ती आळसामुळे नाही, क्रम उलटा लागतो म्हणून. बरोबर क्रम असा: काय कुठे आहे ते बघणं, पूर्ण कॉपी, कॉपी तपासणं, जागा ठरवणं, नावं देणं, आणि सगळ्यात शेवटी डिलीट. खाली तेच टप्प्याटप्प्याने लिहिलंय. घरात एक विंडोजचा लॅपटॉप, दोन-तीन अँड्रॉइड फोन आणि एक-दोन गुगल अकाउंट, असं साधारण घर धरून. एका दिवसात उरकायच्या भानगडीत पडू नका, दोन रविवार ठेवा.

टप्पा १: बसायच्या आधी

आधी एक कागद घ्या, हो खराखुरा कागद, आणि त्यावर घरातली डेटाची ठिकाणं लिहा. लॅपटॉपचा सी ड्राइव्ह, डी ड्राइव्ह, प्रत्येकाचा फोन, जुना फोन जो कपाटात पडलाय, पेनड्राइव्ह, जुनी हार्डडिस्क, प्रत्येकाचं जीमेल. समोर लिहा तिथे काय महत्त्वाचं आहे: लग्नाचे फोटो, जमिनीचे कागद, टॅक्स, मुलांचे रिझल्ट, कोणाचं ऑफिसचं काम. ही यादी केली की कळतं एकच गोष्ट चार ठिकाणी आहे आणि एखादी फक्त त्या कपाटातल्या फोनमध्ये आहे. त्या फोनला आजच चार्जिंगला लावा, वर्षानुवर्षं पडलेली बॅटरी नंतर उठतेच असं नाही.

मग एक बाहेरची हार्डडिस्क लागेल. १ टीबीची बहुतेक घरांना पुरते. पेनड्राइव्हवर भागवू नका, तो फाइल इकडून तिकडे न्यायला ठीक आहे, वर्षानुवर्षं सांभाळायला नाही.

लॅपटॉप कोण कोण वापरतं ते बघा आणि त्यांना आधी सांगा. दादाचा प्रोजेक्ट डेस्कटॉपवर "न्यू फोल्डर (३)" नावाने असतो आणि आपण तो कचरा समजून उडवतो, हे फार घरांत होतं.

अजून एक. लॅपटॉप विंडोज १० वर असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. बरेच लोक त्यामुळेच आत्ता नवीन मशीन घेतायत किंवा ११ टाकतायत. ते करायचं असेल तर या टप्प्यांमधला दुसरा आणि तिसरा आधी, विंडोज नंतर. दुकानदार "डेटा जाणार नाही" म्हणाला तरी.

टप्पा २: एक पूर्ण कॉपी, जशी आहे तशी

इथे लोक हुशारी करतात. कॉपी करता करताच निवडायला लागतात, हे नको, ते नको. तसं करू नका. आत्ता फक्त उचलायचं आणि हार्डडिस्कवर टाकायचं, कचऱ्यासकट. हार्डडिस्कवर आजच्या तारखेचा एक फोल्डर करा आणि त्यात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज आणि डी ड्राइव्हवर जे काही असेल ते.

*डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नाही.* हा गैरसमज इतका पक्का आहे की वेगळं लिहावं लागतंय. बहुतेक लॅपटॉपमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले. सीवरून डीवर कॉपी करून "बॅकअप घेतलाय" म्हणणाऱ्यांनी हार्डडिस्क घ्या.

*वनड्राइव्हचं आधी बघा.* नवीन लॅपटॉप सेट करताना डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स बऱ्याचदा आपोआप वनड्राइव्हला जोडले जातात, आपण नेक्स्ट नेक्स्ट करत गेलेलो असतो. त्यात फुकट जागा ५ जीबी. फाइलच्या शेजारी नुसत्या रेघांचा निळा ढग दिसला तर ती फाइल लॅपटॉपवर नाहीच, फक्त नाव दिसतंय, खरी फाइल इंटरनेटवर आहे. नेट बंद असताना कॉपी करायला गेलात तर एरर येणार किंवा ती वगळली जाणार. म्हणून आधी त्या फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" करा, सगळ्यांवर हिरवी टिक येऊ द्या, मगच कॉपी. आणि वैतागून वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप बंद केलात आणि डेस्कटॉप एकदम रिकामा दिसला तर घाबरू नका, फाइल्स वनड्राइव्ह नावाच्या फोल्डरमधल्या डेस्कटॉपमध्ये असतात. शोधा, सापडतील.

*मोठी फाइल जात नाही?* जुना पेनड्राइव्ह किंवा डिस्क फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीच्या वरची एक फाइल ती घेतच नाही, जागा कितीही असो. लग्नाचा व्हिडिओ नेमका तिथे अडतो. एक्सफॅट किंवा एनटीएफएस करावं लागतं, पण फॉरमॅट म्हणजे त्या डिस्कवरचं सगळं जाणार, त्यामुळे आधी तिच्यावर काय आहे ते बघा.

फोनवरून घेताना केबल लावल्यावर फोनवर "फाइल ट्रान्सफर" निवडावं लागतं, नाहीतर नुसतं चार्ज होतं. काही स्वस्त केबल्स फक्त चार्जिंगच्याच असतात, पर्यायच येत नाही, तेव्हा फोनला शिव्या देण्याआधी केबल बदलून बघा. दहा हजार फोटो एकदम ओढलेत तर मध्येच अडकतं. वर्षावर्षाने किंवा फोल्डरने घ्या, आणि कट नाही, कॉपी. कट करून मध्येच केबल हलली तर फाइल इकडची ना तिकडची.

टप्पा ३: कॉपी खरंच झाली का?

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात. कॉपीची हिरवी पट्टी पूर्ण झाली म्हणजे झालं असं वाटतं.

लॅपटॉपवरच्या फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फाइल्स किती ते बघा. तेच हार्डडिस्कवरच्या फोल्डरचं. संख्या जुळली पाहिजे. "साइज ऑन डिस्क" जुळणार नाही, त्याच्याकडे बघू नका, "साइज" आणि फाइल्सचा आकडा बघा.

मग हार्डडिस्कवरून वेगवेगळ्या फोल्डरमधल्या आठ-दहा फाइल्स उघडून बघा. एक जुना फोटो, एक व्हिडिओ शेवटपर्यंत पळवून, एक पीडीएफ, एक एक्सेल. जमलं तर दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर उघडा.

पीडीएफ पासवर्ड मागत असेल तर आत्ताच लिहून ठेवा कोणता ते. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावातली पहिली चार अक्षरं कॅपिटलमध्ये आणि पुढे जन्मवर्ष. हे लक्षात राहतं, पण बँकेच्या स्टेटमेंटची पद्धत प्रत्येक बँकेची वेगळी असते, आणि खातं बंद केल्यावर ती पद्धत सांगणारा बँकेचा मेलही सापडत नाही.

झालं की हार्डडिस्क "इजेक्ट" करून काढा. ती आता हे काम संपेपर्यंत परत लावायची नाही. ती कायम लावून ठेवली की तुमच्याकडून चुकून डिलीट होईल ते तिच्यावरूनही होऊ शकतं, आणि फाइल्स लॉक करून पैसे मागणारा व्हायरस आला तर तो जोडलेल्या डिस्कवरही पसरतो.

> थांबा: आकडे जुळले नसतील तर पुढे जाऊ नका. खालचा प्रत्येक टप्पा ही कॉपी आहे असं धरूनच लिहिलाय.

टप्पा ४: फोल्डर थोडेच

इंटरनेटवर फोल्डरचे मोठमोठे आराखडे मिळतात, तीस-चाळीस फोल्डर, रंगीत आयकॉन वगैरे. ते तीन आठवडे टिकतात. घरच्या लॅपटॉपला वरच्या पातळीवर पाच-सहा पुरतात. माझ्या मते हे:

१. कागदपत्रं – माणसाप्रमाणे. आई, बाबा, प्रत्येक मूल. आधार, पॅन, जन्मदाखला, जातीचा दाखला, मार्कशीट.
२. घर आणि जमीन – सातबारा, आठ अ, इंडेक्स टू, घरपट्टी, सोसायटीच्या पावत्या, वीज.
३. पैसे – वर्षाप्रमाणे. रिटर्न, फॉर्म १६, स्टेटमेंट, विमा.
४. फोटो – वर्ष, त्याच्या आत प्रसंग.
५. काम – नोकरी, शाळा, प्रोजेक्ट.
६. आवक – नवीन आलेलं सगळं इथे, नंतर वाटायचं.

पैशांच्या फोल्डरमध्ये एक गोची आहे. एप्रिल ते मार्च असं आर्थिक वर्ष लावा, जानेवारी ते डिसेंबर नको. आणि रिटर्नच्या पावतीवर छापलेलं असतं असेसमेंट इयर, जे एक वर्ष पुढचं असतं. २०२३-२४ च्या कमाईचं रिटर्न २०२४-२५ नावाने सेव्ह होतं आणि मग गृहकर्जाला तीन वर्षांची रिटर्न्स मागितली की एक वर्ष कमी आणि एक डबल जातं. फोल्डरला कमाईचं वर्ष द्या, सगळीकडे तेच.

फोल्डरच्या आत फोल्डर तीन पातळ्यांच्या पुढे नेऊ नका. क्लिक करून करून कंटाळा आला की माणूस परत डेस्कटॉपवर टाकायला लागतो.

टप्पा ५: फाइलला नाव देणं (इथे वेळ घालवा)

सगळ्या आवराआवरीतलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच, आणि ह्याचाच सगळ्यांना कंटाळा. "स्कॅन ००१", "डॉक्युमेंट (४)", "फायनल", "फायनल नवीन", "फायनल नवीन खरं". सहा महिन्यांनी तुम्हालाच कळणार नाही.

तारीख पुढे, आणि उलटी: वर्ष-महिना-दिवस. म्हणजे २०२५-०४-१२ मग काय आहे ते, मग कोणाचं. असं लिहिलं की फाइल्स आपोआप तारखेच्या क्रमाने लागतात. दिवस आधी लिहिला तर एक जानेवारी, एक फेब्रुवारी, एक मार्च असं शेजारी शेजारी येतं, काही उपयोग नाही. महिना आणि दिवस दोन आकडी, म्हणजे ४ नाही, ०४.

तारखेत तिरकी रेघ टाकू नका, विंडोज घेणारच नाही. तिरकी रेघ, कोलन, प्रश्नचिन्ह, तारा, अशी काही चिन्हं फाइलच्या नावात चालत नाहीत. म्हणूनच ७/१२ असं नाव देता येत नाही, आणि मग घरातला प्रत्येक जण वेगळं काही लिहितो, कोणी ७-१२, कोणी सातबारा, कोणी इंग्रजीत सिंगल ए, कोणी डबल ए. शोधायला गेलं की एकच सापडतो. कोणतं तरी एक ठरवा आणि कागदावर लिहून लॅपटॉपच्या बॅगेत ठेवा. पुढे गट नंबर आणि गाव टाका, कारण सातबारे चार असले की नुसतं "सातबारा" वाचून काहीच कळत नाही.

मराठीत नाव द्यायचं की इंग्रजीत? स्वतःच्या फोटोंना, पत्रांना, पाककृतींना बिनधास्त मराठीत द्या, विंडोज शोधतं व्यवस्थित. विंडोज की आणि स्पेसबार दाबून कीबोर्ड बदलतो, आणि मराठी फोनेटिक कीबोर्ड विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून आतच आहे, वेगळं काही उतरवायची गरज नाही. पण ज्या फाइल्स सरकारी किंवा परीक्षेच्या पोर्टलवर अपलोड होणार, त्यांचं नाव इंग्रजीत, छोटं, मध्ये स्पेस न देता आणि आकडेही इंग्रजी ठेवा. बरीच पोर्टल्स देवनागरी नावावर अडतात आणि काय चुकलं ते सांगत नाहीत, नुसतं "इनव्हॅलिड फाइल".

जुन्या मराठी फाइल्सचं एक. श्रीलिपी, कृतीदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल तर नवीन लॅपटॉपवर उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता गाळ दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. ती डिलीट करू नका. ज्या मशीनवर नीट दिसते तिथे उघडून पीडीएफ करून घ्या, मूळ फाइल पण राहू द्या. आजोबांनी टाइप करून घेतलेली वंशावळ, मंडळाची घटना, असलं बरंच ह्यात अडकलेलं असतं. पुढचं टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही मशीनवर नीट दिसणाऱ्या मराठीत.

स्कॅनच्या दोन प्रती ठेवा. एक मूळ, चांगल्या दर्जाची, तिला कधीच हात लावायचा नाही. दुसरी फॉर्मसाठी केबीमध्ये बारीक केलेली, नावाच्या शेवटी "लहान" लिहून. लोक मूळ फाइलच बारीक करून तिच्यावरच सेव्ह करतात आणि पुढच्या वर्षी कोणी स्पष्ट प्रत मागितली की परत झेरॉक्सवाल्याकडे.

> सावध: पीडीएफ बारीक करणाऱ्या फुकट वेबसाइटवर आधार, पॅन, बँक स्टेटमेंट टाकू नका. फाइल तुमच्या मशीनवरून कोणाच्या तरी सर्व्हरवर जाते. स्कॅन करतानाच रिझोल्युशन कमी ठेवून दुसरी प्रत काढता येते.

सगळ्या जुन्या फाइल्सना नावं द्यायला बसू नका, वेड लागेल. वरच्या पहिल्या तीन फोल्डरमधल्या तेवढ्या करा. फोटोंना तर एकेकाला नाव द्यायचंच नाही, फोल्डरचं नाव पुरे: २०२३-११ दिवाळी कोल्हापूर.

टप्पा ६: फोन, फोटो आणि व्हॉट्सॲप

जागा खाणारा खरा माणूस इथे बसलाय. गुगल अकाउंटची फुकट जागा १५ जीबी, आणि ती जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज अशी तिघांना मिळून. १ जून २०२१ पासून फोटोज कोणत्याही दर्जाचे टाकले तरी त्यात मोजले जातात (काही जुन्या पिक्सेल फोनचा अपवाद सोडला तर), आणि अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲपचा बॅकअप पण आता त्यातच. म्हणजे फॅमिली ग्रुपवरचे गुड मॉर्निंगचे व्हिडिओ शेवटी तुमच्या जीमेलची जागा खातात, आणि जागा पूर्ण भरली की नवीन मेल येणंच थांबतं. नोकरीचा मेल आला नाही, कारण मावसभावाच्या हळदीचे व्हिडिओ.

क्रमाने असं करा.

आधी व्हॉट्सॲपमध्ये महत्त्वाच्या ग्रुपचे फोटो लॅपटॉपवर घ्या. फोनमध्ये इंटरनल स्टोरेज, अँड्रॉइड, मीडिया, त्यात व्हॉट्सॲपच्या नावाचा फोल्डर, असं आत जायचं. तिथे "सेंट" नावाचा एक फोल्डर दिसेल, तुम्ही पाठवलेल्या फोटोंच्या प्रती त्यात साठतात. तुमच्याच कॅमेऱ्यातले फोटो, पण बारीक झालेले, परत एकदा. ह्यातलं मूळ तुमच्याकडे असेल तर हे निवांत जाऊ शकतं, पण डिलीटच्या टप्प्यात, म्हणजे नवव्या.

मग सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथे ५ एमबीच्या वरच्या फाइल्स आणि वारंवार फॉरवर्ड झालेल्या वेगळ्या दिसतात. आत्ता फक्त बघून ठेवा.

लगेच करण्यासारखं एकच: सेटिंग्ज, चॅट्स, मीडिया व्हिजिबिलिटी (व्हॉट्सॲपवर आलेलं गॅलरीत दाखवणारा पर्याय) बंद, आणि स्टोरेज अँड डेटामध्ये ऑटो डाउनलोडमधून व्हिडिओ काढून टाका. गळती आधी थांबवा.

गुगल फोटोजबद्दल दोन वाक्यं नीट वाचा. ॲपमध्ये फोटो डिलीट केला की तो फोनवरूनही जातो आणि गुगलवरूनही. फक्त फोनवरची जागा मोकळी करायची असेल तर "फ्री अप स्पेस" नावाचा वेगळा पर्याय आहे, तो गुगलवर पोचलेल्या फोटोंचीच फोनवरची प्रत काढतो. चुकून डिलीट झालंच तर बिनमध्ये बॅकअप झालेले फोटो ६० दिवस असतात, न झालेले ३० दिवस.

आणि ह्याच कारणाने सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंक इकडचा बदल तिकडे नेतं, आणि डिलीट हा पण बदलच आहे.

कोणाला फोटो पाठवायचा आणि दर्जा टिकवायचा असेल तर व्हॉट्सॲपमध्ये "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. लग्नाच्या अल्बमसाठी फोटोग्राफरला साधे पाठवलेत तर छापल्यावर कळेल.

टप्पा ७: मेल

ह्यावर फार वेळ नको. वीस हजार न वाचलेले मेल एकेक करून आवरायचे नसतात. जीमेलच्या शोधात इंग्रजीत लार्जर, कोलन, मग १० एम असं लिहा, १० एमबीच्या वरचे सगळे मेल येतील. त्यातल्या कामाच्या अटॅचमेंट उतरवून घ्या, योग्य फोल्डरमध्ये टाका. जाहिरातींच्या मेलमध्ये अनसबस्क्राइब करा, आठवड्याला चार-पाच. ओळखीच्या कंपनीच्याच मेलमध्ये करा, अनोळखी मेलमधल्या कुठल्याच लिंकवर बोट ठेवू नका, अनसबस्क्राइबच्या पण.

टप्पा ८: पासवर्ड आणि नंबर

प्रत्येक अकाउंटचा पासवर्ड परत मिळतो तो मेलवर किंवा मोबाइलवर. म्हणून मेल आणि मोबाइल नंबर ही मुळं आहेत, तिथून सुरू करा.

जीमेलचा पासवर्ड वेगळा, लांब, आणि दुसरीकडे कुठेच न वापरलेला. चार-पाच असंबद्ध शब्दांचा चालतो. मग टू-स्टेप (पासवर्डनंतर अजून एक खात्री मागणारी सोय) चालू करा, आणि चालू केल्यावर गुगल दहा बॅकअप कोड देतं, ते *छापून* कपाटात ठेवा. हे न करता लोक टू-स्टेप चालू करतात आणि फोन हरवला की स्वतःच बाहेर. ते कोड फोनमध्येच स्क्रीनशॉट करून ठेवण्यात काही अर्थ नाही, हे लिहायला नको पण लिहितोय.

जुना नंबर कुठे कुठे जोडलेला आहे ते बघा. बंद पडलेला मोबाइल नंबर साधारण ९० दिवसांनंतर कंपनी दुसऱ्या कोणाला देऊ शकते, आणि तुमच्या बँकेचे ओटीपी त्या माणसाकडे. सिम बंद करायच्या *आधी* बँक, आधार, जीमेल, डिजिलॉकर सगळीकडे नवीन नंबर घाला.

पासवर्ड मॅनेजर (सगळे पासवर्ड सांभाळणारं ॲप) वापरा म्हणून सगळे सांगतात, वापरा, चांगलाच आहे. पण घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांना तो जमत नसेल तर वही चालेल. कपाटात कुलपात ठेवलेली वही ही सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्यापेक्षा कितीतरी बरी. वहीत बँकेचा पिन लिहू नका, आणि वहीचा फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकू नका. होतं असं.

व्हॉट्सॲपचा सहा आकडी टू-स्टेप पिन आई-बाबांच्या फोनवर तुम्ही स्वतः बसून लावून द्या. आणि पैसे गेलेच तर १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर, तो त्या वहीच्या पहिल्या पानावर. फोन लगेच करायचा, संध्याकाळी घरी सगळे आल्यावर नाही.

टप्पा ९: आता डिलीट

हार्डडिस्कवर कॉपी आहे, तपासलेली आहे, कामाच्या फाइल्स नवीन जागी गेल्या. आता करा.

सुरुवात आकाराने. फोल्डर उघडून साइजप्रमाणे लावा, वरच्या वीस फाइल्समध्येच बहुतेक जागा गेलेली असते: दोनदा उतरवलेले सेटअप, सिनेमे, झूमची रेकॉर्डिंग्ज. शंभर बारीक फाइल्स उडवून काही होत नाही.

शिफ्ट डिलीट वापरू नका, साधं डिलीट करा म्हणजे रिसायकल बिनमध्ये जाईल. बिन दोन आठवडे तसाच ठेवा. पेनड्राइव्हवरून डिलीट केलेलं मात्र बिनमध्ये येत नाही, थेट जातं. आणि "सॉफ्टवेअरने परत आणू" ह्या भरवशावर राहू नका, आजकालच्या लॅपटॉपमध्ये एसएसडी (नव्या प्रकारची वेगवान डिस्क) असते आणि तिच्यावरून एकदा खरंच डिलीट झालेलं बहुतेक वेळा परत येत नाही.

सेटिंग्जमध्ये स्टोरेज, टेम्पररी फाइल्स असं एक आहे, तिथून कचरा काढणं सुरक्षित. फक्त त्या यादीत "डाउनलोड्स" नावाची पण एक ओळ असते, तिच्यावर टिक करू नका. "क्लीनर" नावाची फुकट ॲप्स तर टाकूच नका, लॅपटॉपवरही नाही आणि फोनवर तर अजिबात नाही.

> तपासा: जागा मोकळी झाल्यावर पाच कागद शोधून बघा, घड्याळ न लावता पण मनात धरून. स्वतःचं पॅन, मागच्या वर्षीचं रिटर्न, एक सातबारा, मुलाचं मार्कशीट, लग्नाचा एक फोटो. घरातल्या दुसऱ्या कोणालाही शोधायला सांगा. त्यांना सापडलं नाही तर नावं चुकली आहेत.

टप्पा १०: परत तसंच होऊ नये म्हणून

क्रोमच्या सेटिंग्जमध्ये डाउनलोड्समध्ये "प्रत्येक फाइल कुठे ठेवायची ते विचार" असा पर्याय आहे, तो चालू करा. पहिले चार दिवस वैताग येतो. पण फाइल जन्मतःच योग्य जागी जाते आणि नावही तिथेच देता येतं, आणि डाउनलोड्सचा उकिरडा होत नाही.

आवक फोल्डर आठवड्यातून एकदा रिकामा. वार ठरलेला पाहिजे, "वेळ मिळेल तेव्हा" म्हणजे पुढच्या दिवाळीला.

महिन्यातून एकदा हार्डडिस्क लावायची, नवीन जे आहे ते कॉपी, इजेक्ट, परत कपाटात. कॉम्प्युटरवाले तीन-दोन-एक म्हणतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, एक घराबाहेर. घराबाहेरची प्रत म्हणजे क्लाउडच पाहिजे असं नाही, अजून एक डिस्क बहिणीकडे किंवा गावी ठेवलीत तरी झालं, दर गणपतीला नवी कॉपी घालून बदलायची.

लॅपटॉप सुरू व्हायला वेळ लागतो म्हणून फॉरमॅट मारण्याआधी कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, स्टार्टअपमध्ये बघा काय काय आपोआप सुरू होतंय. प्रिंटरचं, गेमचं, व्हिडिओ कॉलचं, सगळं तिथे बसलेलं असतं. ओळखीचं आणि रोज न लागणारं बंद करा, अँटीव्हायरस राहू द्या, नाव कळत नसेल ते पण राहू द्या.

कोपऱ्यात "तुमच्या कॉम्प्युटरमध्ये ५ व्हायरस" असं सतत येत असेल तर तो व्हायरस नसतो बहुतेक वेळा, कुठल्या तरी वेबसाइटला तुम्ही कधीतरी "अलाऊ" दिलेलं असतं. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे सगळ्या अनोळखी साइट्स काढून टाका आणि पुढे कोणालाच परवानगी मागू देऊ नका. फोनवर पण हेच: नोटिफिकेशन बँक, फोन, मेसेज आणि माणसांची ठेवा, शॉपिंग आणि गेमची सगळी बंद. स्क्रीन टाइम कमी करायचे बाकीचे उपाय नंतर बघा, आधी हे करा.

मुलांना लॅपटॉप देताना त्यांचं वेगळं युजर अकाउंट करा, ॲडमिन नाही. दहा मिनिटांचं काम आहे आणि तुमचा डेस्कटॉप त्यांच्या हाती लागत नाही.

राहिलं झेरॉक्सचं दुकान. प्रिंट काढायला आपण व्हॉट्सॲप वेब उघडतो किंवा दुकानदाराच्या नंबरवर आधार पाठवतो. आधार द्यायचंच असेल तर जिथे चालतं तिथे मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. दुकानातल्या कॉम्प्युटरवर फाइल उतरवली असेल तर डाउनलोड्समधून काढायला सांगा आणि रिसायकल बिनमधूनही, संकोच करू नका, दुकानदाराला सवय असते. आणि पायरी उतरायच्या आधी फोनवर व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हायसेस उघडून बघा, तिथे ते मशीन दिसत असेल तर लॉग आउट करा, मग गाडीला किल्ली लावा.